तातडीच्या दारापाशी

भाईंदर पश्चिमेतील साठ फुटी रस्त्यावर रात्री नऊच्या सुमारास दुकानांची शटर्स एकामागून एक खाली येऊ लागतात. गल्ला मोजला जातो, वही मिटली जाते आणि मागच्या गल्लीतील घरांत दिवसभराचा कोलाहल हळूहळू निवतो. अशाच एका घरातील सदुसष्ट वर्षांच्या बापूजींना एका रात्री छातीवर कुणी धान्याचे पोते ठेवल्यासारखे दडपण जाणवले. हे घर कोणाचेही असू शकते, म्हणून त्याला नाव न दिलेलेच बरे. भांड्यांचा चाळीस वर्षांचा व्यापार, दोन कर्ते मुलगे, दोन सुना, नातवंडे. बापूजींचा चौविहाराचा नियम तीस वर्षे अखंड चाललेला. डाव्या जबड्यात कळ येत होती आणि पंखा चालू असूनही सदरा घामाने भिजला होता.

"पित्त आहे, उतरेल," असे म्हणून त्यांनी कूस बदलली.

पहिली वीस मिनिटे पित्तात गेली. पुढची वीस मिनिटे दूरध्वनीत गेली. थोरल्या मुलाचा आग्रह होता की मुंबईतील ज्या मोठ्या रुग्णालयात आतेभावाचे बायपास झाले तेथेच न्यावे. धाकटा म्हणत होता, आधी जवळ दाखवू. नात्यातील एका डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. गाडीची किल्ली सापडत नव्हती, विम्याचे कार्ड कपाटात होते आणि कपाटाची चावी बापूजींच्याच कमरेला होती. अखेर थोरली सून बोलली, "भाई, मुंबईचे मग ठरवा. बापूजींचा चेहरा बघा, हात गार पडलेत. दहा मिनिटांवर जे दार उघडे आहे तिथे आधी चला." तिच्या या वाक्याने त्या रात्रीचा निर्णय झाला.

अशा वेळी गेलेली चाळीस मिनिटे कोणत्याही वहीत जमा होत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा स्नायू प्राणवायूविना मरू लागतो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. म्हणूनच जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी या कामाला घड्याळ लावून दिले आहे. छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा ईसीजी निघावा. अँजिओप्लास्टीची सोय असेल तर दारात आल्यापासून नव्वद मिनिटांत अडलेली वाहिनी उघडावी. ती सोय वेळेत मिळण्याजोगी नसेल तर निदानानंतर तीस मिनिटांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरू करावे. पक्षाघाताच्या झटक्यातही असेच आहे. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, वाचा अडखळणे यांपैकी काही दिसल्यास साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचा उपचार सुरू व्हावा लागतो, आणि तत्पूर्वी मेंदूचे स्कॅन करावे लागते. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, हे डॉक्टर म्हणून तर पुन्हा पुन्हा विचारतात.

मुंबईची सवय

मीरा-भाईंदरकरांच्या मनात 'मोठे रुग्णालय म्हणजे मुंबई' हे समीकरण पक्के बसलेले आहे. त्याला इतिहास आहे. मिठागरे, कोळीवाडे आणि शेती यांच्या या पट्ट्यात 1985 मध्ये नगरपालिका आली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली. वस्ती वेगाने वाढली, पण दवाखाने त्या वेगाने वाढले नाहीत. त्यामुळे दोन पिढ्या दहिसरचा नाका ओलांडून भगवती, शताब्दी, कूपर, नायर, केईएम अशा वाटेने जात राहिल्या.

आज चित्र पुष्कळ बदलले आहे. भाईंदर पश्चिमेत महापालिकेने उभारलेले आणि पुढे राज्य शासनाकडे सोपवलेले भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. जुनी माणसे त्याला अजून 'टेंबा' म्हणूनच ओळखतात. मीरा रोडला सृष्टी परिसरातील भक्तिवेदांत रुग्णालयासारखी धर्मादाय संस्था आहे आणि मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. भूगोल मात्र बदललेला नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला काशिमिऱ्याचा महामार्ग आणि दक्षिणेला दहिसरची कोंडी. भाईंदरच्या पूर्व-पश्चिम भागांना रेल्वेमार्ग दुभागतो आणि तो ओलांडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. सायंकाळच्या गर्दीत मुंबईच्या वाटेवर किती वेळ लागेल, हे रोज मालाचा टेम्पो पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला कुणी सांगायला नको.

म्हणून जवळच्या दारी जाणे यात कमीपणा नाही. तेथे रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि श्वास सावरला जातो, निदान होते आणि आवश्यक असल्यास रुग्णवाहिकेतून, सोबत कागद घेऊन, पुढच्या रुग्णालयाला आधी कळवून त्याला हलवले जाते. असे हलवणे आणि घरच्या गाडीत मागच्या आसनावर आडवे घालून नेणे यांत जीवन-मरणाचे अंतर असू शकते. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांतील 233 प्रगत जीवरक्षक स्वरूपाच्या आणि 704 प्राथमिक स्वरूपाच्या होत्या. ही सेवा विनामूल्य आहे आणि तीत डॉक्टर असतो. घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो, कोठे कॅथलॅब चालू असते, कोठे मेंदूचे स्कॅन होते, ही चौकशी प्रत्येक कुटुंबाने एखाद्या मोकळ्या रविवारी करून ठेवावी. मालाचा भाव आपण चार ठिकाणी विचारतो. या गोष्टीसाठी एक फेरी मारणे अवघड नाही.

टोकनाविना रांग

बापूजींना चाकाच्या खुर्चीवरून आत नेले तेव्हा बाहेरच्या बाकावर सात-आठ जण आधीपासून बसले होते. हाताला फडके गुंडाळलेला एक तरुण चिडून म्हणाला, "आम्ही तासभर बसलो आहोत." परिचारिकेने शांतपणे उत्तर दिले, "काका, तुमचे रक्त थांबले आहे. त्यांना आधी बघावे लागेल."

बँकेत टोकनाच्या क्रमाने काम चालते, दुकानात आधी आलेल्याला आधी माल मिळतो. अपघात विभागात मात्र ज्याचा जीव अधिक धोक्यात, तो पहिला. या निवडीला 'ट्रायाज' म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याने रणांगणावर जखमींचा हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहून उपचार करण्याचा प्रघात पाडला. आजच्या पद्धतीचे मूळ तेथे सापडते. अनेक रुग्णालयांत लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी असते. लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबता येईल असा. ज्याला थांबवले जाते त्याने एका अर्थी निश्चिंत व्हावे. तरीही थांबलेल्या रुग्णाची स्थिती बिघडली, श्वास लागला, शुद्ध हरपू लागली, तर पुन्हा उठून सांगणे हा नातेवाइकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

आपल्या समाजाची एक सवय येथे आड येते. एक आजारी पडला की वीस जण धावतात. त्यामागे माया असते, परंतु अपघात विभागाच्या अरुंद जागेत ती माया स्ट्रेचरची वाट अडवते. त्या रात्री थोरल्या सुनेने कामे वाटून दिली. रुग्णाची माहिती असलेली एक व्यक्ती डॉक्टरांजवळ, एक जण नोंदणी व पैशांच्या खिडकीवर, एक जण बाहेर फोनवर. बाकीच्यांनी घरीच थांबावे. आवाज चढवून उपचार लवकर होत नाहीत. डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणे तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई द्यावी लागते.

गोळी आणि नियम

ईसीजीचा कागद हातात येताच डॉक्टरांनी एक गोळी पुढे केली. "ही चावून गिळा, थोडे पाणी घ्या." बापूजींनी मान हलवली. सूर्यास्त होऊन तीन तास उलटले होते. तीस वर्षांत त्यांनी रात्री पाण्याचा थेंब घेतला नव्हता. डॉक्टर क्षणभर गोंधळले, धाकट्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले.

बोलल्या त्या बा. इतका वेळ त्या भिंतीशी माळ धरून उभ्या होत्या. "तुम्ही रोज पच्चक्खाण घेता. त्यातला शेवटचा आगार काय आहे ते आठवा," एवढेच त्या म्हणाल्या.

जाणत्या वाचकांना हे सांगणे न लगे. चौविहाराच्या पच्चक्खाणातच आगार, म्हणजे आधीच राखून ठेवलेले अपवाद, बोलले जातात. त्यांतील शेवटचा सव्वसमाहिवत्तियागार. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी भंग पावण्याची वेळ आली तर औषध घेण्याची मोकळीक त्यात आहे आणि त्याने पच्चक्खाण मोडत नाही. नियम घडवणाऱ्यांनी माणसाच्या देहाचा विचार किती खोलवर केला होता! बापूजींनी डोळे मिटले, हात जोडले आणि गोळी चावली.

ज्यांच्या घरी असे नियम आहेत त्यांनी आपल्या गुरुमहाराजांशी या विषयावर निरोगी असतानाच बोलून ठेवावे आणि आपली इच्छा घरच्यांना सांगावी. स्ट्रेचरवर चर्चा करायला वेळ नसतो. त्याचप्रमाणे पर्युषणातील अठ्ठाई, वर्षीतप, आयंबिल अशी तपस्या चालू असताना रुग्णालयात जावे लागले तर ती गोष्ट पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगावी. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन चालू आणि पोट रिकामे, अशा स्थितीत रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरते. त्या बेशुद्धीची लक्षणे वरवर पाहता पक्षाघातासारखी भासू शकतात. बोटाच्या टोकावरील एका थेंबाच्या तपासणीने उलगडा होतो, पण माहिती दडवली तर वेळ जातो. आणि छातीतील प्रत्येक दुखण्याला घरच्या घरी कुणाची तरी उरलेली गोळी देण्याचा मोहही टाळावा. ती कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

आधी उपचार, मग पावती

तातडीच्या दारात व्यापाऱ्याच्या मनात दुसरी भीती असते ती अनामत रकमेची. येथे कायदा काय सांगतो, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्यासाठी मदत देण्याचे बंधन आहे. पोलिसांची कागदपत्रे त्याच्या आड येऊ शकत नाहीत. अपघात, भाजणे, विषबाधा अशा प्रसंगी पोलिसांना कळवले जाते, ते उपचारासोबत. उपचाराआधीची ती अट नव्हे.

दुसरा निकाल एका शेतमजुराचा आहे. जुलै 1992 मध्ये पश्चिम बंगालमधील मथुरापूर येथे तो चालत्या गाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा, मेंदूत रक्तस्राव. प्राथमिक केंद्रापासून कोलकात्याच्या मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवले गेले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. अखेर एका खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये खर्चून तो वाचला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्यास पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. रक्कम लहान होती, तत्त्व मात्र मोठे होते.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम 2021 मध्ये आले. त्यांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे, दरपत्रक उपलब्ध करणे आणि तातडीच्या रुग्णास प्राथमिक जीवरक्षक मदत देणे बंधनकारक केले आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून योजना लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि तातडीच्या प्रसंगी आधी दाखल करून घेणे हे त्या योजनेचे सार आहे. 2025 मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर कुटुंबाने मोठ्या अनामत रकमेच्या मागणीचा आरोप केला, तेव्हा हा प्रश्न राज्यभर पुन्हा ऐरणीवर आला. आपल्यातील अनेक जण अशा संस्थांचे विश्वस्त आणि देणगीदार आहेत. वर्षातून एकदा अहवालातील आकडे पाहताना त्यांनी एक प्रश्न विचारावा: रात्री दोन वाजता पैसे नसलेला माणूस आपल्या दारात आला तर खिडकीवरचा कर्मचारी त्याला काय सांगतो? औषधदानाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असलेच पाहिजे.

रस्त्यावर दुकान असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. 'नसती कटकट' म्हणून शटर ओढून घेण्याचे कारण आता उरलेले नाही.

चावी कोणाच्या कमरेला?

बापूजींना इंजेक्शन देऊन स्थिर केले गेले आणि रुग्णवाहिकेतून कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात हलवून वाहिनी उघडली गेली. जीव वाचला. मात्र डॉक्टरांनी मुलांना स्पष्ट सांगितले, "तासभर आधी आणले असते तर हृदयाचा आणखी भाग वाचला असता." ही किंमत चुकती करायची आहे ती बापूजींना, उरलेले सारे आयुष्य, प्रत्येक जिना चढताना.

दुसऱ्या दिवशी वेगळीच अडचण उभी राहिली. दुकानाचे चालू खाते एकमेव मालकीचे, सही फक्त बापूजींची. घरातील बचत खातेही त्यांच्या एकट्याच्या नावे. ते अतिदक्षता विभागात, आणि पुरवठादाराचा धनादेश वटायला आलेला. कष्टाने साठवलेला पैसा समोर दिसत होता, पण हात पोहोचत नव्हता. नामांकनाचा येथे उपयोग नसतो. ते मृत्यूनंतरचे साधन आहे. आजारपणात उपयोगी पडते ते 'आयदर ऑर सर्व्हायवर' स्वरूपाचे संयुक्त खाते, अथवा दुकानाच्या खात्यावर विश्वासू व्यक्तीस व्यवहाराचा अधिकार देणारे पत्र. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत तरतूद आहे. अंगठा वा खूण, दोन स्वतंत्र साक्षीदार आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशा रीतीने पैसे काढता येतात. परंतु ही व्यवस्था खातेदार शुद्धीवर असेल तरच.

विम्याचेही तसेच. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि घरी सोडतानाच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा लागतो. मात्र खोलीभाड्याची मर्यादा तपासावी. पॉलिसीत दिवसाला पाच हजारांची मर्यादा असेल आणि घरच्यांनी मोठेपणाखातर दहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्याचा फरकच नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्क व शस्त्रक्रियेसारखा संलग्न खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. प्रतिष्ठेची खोली अशी महाग पडते.

नवव्या दिवशी बापूजी घरी परतले. मुलांनी सांगण्याआधीच त्यांनी कपाटाची चावी कमरेची काढून थोरल्या सुनेच्या हातावर ठेवली. पुढच्या सोमवारी बँकेचा अधिकारी घरी येऊन कागदांवर सह्या घेऊन गेला. आता त्या घराच्या दारामागे एक जाड कागद चिकटवलेला आहे. त्यावर सहा ओळी आहेत: प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधे, कोणत्या औषधाची बाधा होते, जवळच्या दोन रुग्णालयांचे क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि 108. खाली बांनी आपल्या अक्षरात सातवी ओळ लिहिली आहे: 'छातीत दुखले तर पित्त म्हणू नये.'